वाळवंटातली चालकविरहित गाडी: सेन्सर घट्ट, कॉम्प्युटर सैल

चासिस नव्यानं बांधत बसू नका. चांगली तयार फोर-बाय-फोर घ्या आणि वेळ जोडणीवर घालवा. २००५ ची डार्पा ग्रँड चॅलेंज (अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेची चालकविरहित गाड्यांची शर्यत) जिंकणारी स्टॅनफर्डची 'स्टॅनली' मुळात फोक्सवॅगन टुआरेगच होती. मोहावे वाळवंटातले २१२ किमी तिनं ६ तास ५४ मिनिटांत पार केले.

सेन्सरपासून सुरुवात करा. छतावरची लिडारची (लेसरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरची) फ्रेम बॉडीच्या मूळ सांगाड्याला बोल्टनं आवळा, मध्ये रबर अजिबात नको. आयएमयू (गाडीचा झुकाव आणि हालचाल मोजणारा सेन्सर) शक्यतो त्याच फ्रेमवर बसवा. गाडीच्या झुकावाचा अंदाज अर्ध्या अंशानं चुकला तरी २५ मीटर पुढच्या जमिनीची उंची २२ सेंमीनं चुकते. मग सपाट वाटेवर नसलेला दगड दिसतो आणि गाडी वळण घेऊन खड्ड्यात जाते. लिडार आणि आयएमयू या दोन्हींच्या नोंदींवर एकाच घड्याळाची वेळ पडायला हवी, नाहीतर घट्ट फ्रेमचाही उपयोग नाही.

कॉम्प्युटरचं गणित नेमकं उलटं. चाकांची थरथर साधारण १० ते १५ हर्ट्झची असते, म्हणून कॉम्प्युटरच्या पेटीखालचे आयसोलेटर (हादरे कमी करणारे स्प्रिंगचे माउंट) स्वतः ६ हर्ट्झच्या आसपास डोलणारे निवडा, ८.५ हर्ट्झच्या वरचे हादरे ते कमी करू लागतात. तपासायला उपकरण लागत नाही. सामान भरलेली पेटी ठेवल्यावर स्प्रिंग सुमारे ७ मिमी दबली पाहिजे. २ मिमीच दबली, तर माउंट जास्त कडक आहेत आणि ते थरथर उलट वाढवतील. पेटीभोवती सगळीकडून ४ ते ५ सेंमी जागा मोकळी ठेवा, आणि केबलला सैल वळसा द्या. ताणलेली केबल म्हणजे पाचवा माउंटच, आणि कनेक्टर तिथंच तुटतो.

पेटी सीलबंदच हवी. बाहेरची हवा आत ओढणारा पंखा लावला की बारीक धूळ हीटसिंकवर बसते आणि प्रोसेसर तापून मंदावतो. गारवा गाडीच्या एसीतून घ्या, पण एसीचं पाणी आत ठिबकणार नाही हे पाहा.

वीज वेगळी: दुसरा अल्टरनेटर, स्वतंत्र बॅटरी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली जातं आणि सामायिक लाइनवरचे कॉम्प्युटर रीस्टार्ट होतात.

ब्रेकबाबत तडजोड नको. स्प्रिंगनं ब्रेक लागावा, विजेनं तो सुटावा. मोकळ्या मैदानात ताशी २० किमी वेगानं जाताना मेन स्विच पाडून पाहा; गाडी आपोआप थांबली नाही, तर पुढची कुठलीही चाचणी घेऊ नका.

बोल्टना लॉकटाइट (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि प्रत्येक नटावरून रंगाची रेघ ओढा. खडबडीत रस्त्यावर पहिले १०० किमी झाले की रेघा बघा. जिथं रेघ तुटलेली दिसेल तिथला नट फिरला आहे. छतावरच्या फ्रेमचा नट फिरला असेल, तर तो आवळून भागत नाही, लिडारचं कॅलिब्रेशनही पुन्हा करावं लागतं.