टर्बो खाली बसवला की धूर का येतो

1.3 लिटर पेट्रोल इंजिनला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) बसवल्यावर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, निळा धूर येत होता. सील बदलूनही फरक नाही. दोष जागेचा होता: टर्बो इतका खाली होता की त्यातलं ऑइल परत नेणारी ड्रेन पाइप संपमधल्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीखाली शिरत होती.

टर्बोमधून ऑइल बाहेर पडतं ते फक्त उतारामुळे, दाबाने नाही. वाट अडली की बेअरिंग हाऊसिंग (टर्बोचा मधला भाग) भरतं आणि ऑइल टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या, बाजूने एक्झॉस्टमध्ये गळतं. तिथलं सील पिस्टन रिंगसारखं असतं, साचलेलं ऑइल ते रोखू शकत नाही. म्हणून नवीन टर्बो घेण्याआधी ड्रेन तपासा, पैसे वाचतील.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची फ्लॅंज (टर्बो जिथे बोल्टने बसतो ती पट्टी) कापून टर्बो 90 मिमी वर घेतला. त्याच मधल्या हाऊसिंगचे बोल्ट सैल करून ते फिरवलं, ड्रेनचं तोंड सरळ खाली आणलं. उभ्या रेषेपासून 35 अंशांपलीकडे कलू देऊ नये. होज आतून 16 मिमी, कुठेही खोलगट वळण नाही, आणि संपमधलं बंग (होज जोडायचं तोंड) ऑइलच्या पातळीच्या वर वेल्ड केलं. संप काढूनच वेल्डिंग करा, कण आत राहिले तर बेअरिंग गेलंच.

वर घेतल्यावर टर्बाइन ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ आली. मध्ये हवेची फट ठेवून स्टीलची हीट शील्ड लावली, वायरिंग दुसऱ्या बाजूने नेलं. इंजिन माउंटवर हलतं, त्यामुळे टर्बोचं बॉनेटपासून 25 मिमी तरी अंतर हवंच. धूर थांबला.