मॅड मॅक्स दाखवायचा तर असा दाखवा

माझं गॅरेज गोव्यात, फोंड्याहून उसगावला जाणाऱ्या रस्त्यावर. खाणी जोरात होत्या तेव्हा टिप्परांचे गिअरबॉक्स उतरवण्यातच दिवस जायचा, आता दुचाक्या आणि पिकअप. आतल्या दारावर फ्युरी रोडचं, म्हणजे मॅड मॅक्स या ऑस्ट्रेलियन सिनेमालिकेतल्या चौथ्या भागाचं, पोस्टर आहे. ते बघून गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ही पिक्चरं बघायची तर सुरुवात कुठून करू?" दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्याला मालिका आवडते आणि ती दुसऱ्याच्याही गळी उतरवायची आहे, त्याच्यासाठी हे आहे.

पहिल्या भागापासून सुरुवात करू नका. 1979चा मॅड मॅक्स चांगलाच आहे, पण नवख्याने वाळवंट, भंगार गाड्या आणि मुखवटेवाले ऐकलेले असतात. इथे त्याला दिसतात डांबरी रस्ते, हिरवी झाडं, आइस्क्रीमचं दुकान आणि युनिफॉर्मातले पोलीस. जग अजून बुडालेलं नाही, बुडायला लागलंय. ते कळायला थोडी सवय लागते. नाहीतर वीस मिनिटांत पाहुणा मोबाईल काढतो.

म्हणून आधी दुसरा, 1981चा. त्याच्या सुरुवातीलाच मागची गोष्ट जुन्या फिती जोडून सांगितली आहे, त्यामुळे काही अडत नाही. अमेरिकेत तो द रोड वॉरियर या नावाने लागला, कारण पहिला भाग तिथे फारसा कोणी बघितला नव्हता. नाव वेगळं दिसलं म्हणून दोनदा विकत घेऊ नका. यात मॅक्स जेमतेम बोलतो, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलेल्यालाही सगळं कळतं. एक सूचना: मॅक्स कुत्र्याच्या खाण्याचा डबा फोडून चमच्याने खातो. तो सीन होऊन जाईपर्यंत जेवण वाढू नका.

शेवटचा टँकरचा पाठलाग लागला की रिमोट हातात ठेवा. त्यात एक मोटारसायकलवाला उडतो, त्याचे पाय आडव्या पडलेल्या गाडीला आपटतात आणि तो हवेत गरगर फिरतो. तो स्टंट ठरल्यासारखा झालाच नव्हता. गाय नॉरिस नावाचा विशी-एकविशीचा पोरगा होता, त्याचा पाय मोडला आणि शॉट सिनेमात राहिला. हाच नॉरिस पुढे फ्युरी रोडच्या सगळ्या स्टंटचा प्रमुख झाला. एवढं सांगा आणि तो तुकडा परत लावा. माझ्या मेव्हण्याला गाड्यांचं काडीचं वेड नाही, पण त्याने तीन वेळा मागे घ्यायला लावलं.

आता पहिला भाग. डिस्क घेत असाल तर मूळ ऑस्ट्रेलियन आवाज आहेत का ते बघून घ्या. अमेरिकेत लावताना जवळजवळ सगळ्यांचे आवाज अमेरिकन माणसांकडून भरून घेतले होते, आणि त्या आवाजात ती माणसं परकी वाटतात. मूळ आवाज लावला तर सबटायटल हवेतच. पावसाळ्यात ओसरीवर बघत असाल तर पत्र्यावरच्या पावसात निम्मं बोलणं वाहून जातं, तेव्हा तर नक्कीच.

हा सिनेमा दाखवताना दिग्दर्शक जॉर्ज मिलर डॉक्टर होता हे सांगायचं. सिडनीच्या हॉस्पिटलात तो अपघातात जखमी झालेली माणसं बघायचा. त्याने आणि निर्माता बायरन केनेडीने साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत हे जमवलं. पहिल्याच पाठलागात जी निळी व्हॅन चिरडते ती मिलरची स्वतःची, गाडी ठोकायला पैसे नव्हते म्हणून दिलेली. केनेडी 1983 मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला. मॅक्सच्या काळ्या फोर्ड फाल्कन गाडीचे चाहते बरेच, पण ही मालिका कशी उभी राहिली ते मला त्या व्हॅनमध्ये जास्त दिसतं.

फाल्कनवर मात्र मी थोडा अडतो. बॉनेटमधून वर आलेला तो ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर, दुसऱ्या भागात मॅक्स हाताशी असलेलं बटण ओढून चालू करतो. तसला सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू म्हणजे तोही चालू, तो काय सीलिंग फॅन आहे? खरं म्हणजे सिनेमातला ब्लोअर नुसता देखावा होता, छोट्या इलेक्ट्रिक मोटरवर फिरवलेला. गॅरेजवाल्याला हे खटकलंच पाहिजे. पण पट्टा फिरायला लागतो आणि गाडी मागचं टोक दाबून सुटते, तेव्हा मीही गप्प बसतो. जगभर लोकांनी या गाडीच्या नकला बांधल्या आहेत, आणि त्यांनाही हे सगळं ठाऊक असतं.

पहिल्या दोन्ही भागांत बलात्काराचे प्रसंग आहेत, पहिल्यात लहान मूल मरतं. पोराटोरांना घेऊन बसू नका, आणि मोठ्यांनाही आधी कल्पना द्या.

तिसरा, 1985चा बियाँड थंडरडोम, दुपारी जेवून लावा. कोणी झोपलं तरी हरकत नाही. टीना टर्नर भारी, पिंजऱ्यातली दोरावरची मारामारी भारी, मग लहान मुलांची टोळी येते आणि सगळं मवाळ होतं. चाहत्यांत यावरून भांडणं होतात, माझं मत हेच. पण बार्टरटाऊन मन लावून दाखवा: अख्खं गाव डुकरांच्या विष्ठेच्या गॅसवर चालतं. आमच्या वाड्यावर जुन्या गोबर गॅसच्या टाक्या अजून आहेत. शेजारच्या काकांनी तो सीन बघून प्रेशर किती येत असेल याचा हिशेब मांडला, पिक्चर थांबवून.

शेवटचे दोन एकाच दिवशी बघायचे: आधी 2024चा फ्युरिओसा, मग 2015चा फ्युरी रोड. आल्या क्रमाने बघा म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नका. फ्युरिओसा जिथे संपतो तिथूनच फ्युरी रोड उचलतो, त्यामुळे ट्रकमध्ये बसलेली ती बाई कुठून आली हे नवख्याला ठाऊक असतं. फ्युरिओसा जवळजवळ अडीच तास, फ्युरी रोड दोन. मध्ये जेवण. ताटं नकोत, एका हाताने खाता येईल असं ठेवा: उंडे (आमच्याकडचे गोल पाव), मिरची भजी, सुकी बटाट्याची भाजी. वीज जाणार हे धरून चाला. घरच्या इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर, स्पीकर आणि पंखे सगळं ओढलं जात नाही. पंखे बंद करा.

फ्युरी रोडचा खलनायक इमॉर्टन जो पहिल्यांदा आला की पॉज करून विचारा, हे डोळे कुठे बघितलेत? तोंडावर घोड्याच्या दातांचा मुखवटा आहे, पण डोळे 1979च्या भागातल्या टोळीप्रमुख टोकटरचे. ह्यू कीज-बर्न, दोन्हीकडे तोच नट. 2020 मध्ये गेला. माझ्या यादीप्रमाणे पहिला भाग आधी बघितला असेल तर कोणी ना कोणी ओळखतंच.

मग आवाज बंद करा. हो, एवढ्या मोठ्या आवाजाच्या सिनेमाचा. पहिली दहा-बारा मिनिटं मुकी बघा. कोण कोणावर राज्य करतो, कोणाला काय हवंय, कोण पळतोय, सगळं कळतं. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. इमॉर्टन जो वरून पाणी सोडतो आणि लोकांची भांडी भरायच्या आतच बंद करतो, ते बघून ती खुर्चीतून म्हणाली, "मेल्या, घागर तरी भरू दे!" उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या बाईला त्या सीनचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसरा प्रयोग टिकलीचा. टीव्हीच्या बरोबर मध्यभागी एक टिकली चिकटवा आणि पाठलागाची दोन मिनिटं नुसतं तिच्याकडे बघा. महत्त्वाचा चेहरा, हात, चाक, जे काही असेल ते टिकलीच्या आसपासच येतं. मिलरने कॅमेरामन जॉन सीलला तसंच सांगितलं होतं, कारण सिनेमात सुमारे 2700 कट आहेत आणि दर कटला डोळा इकडेतिकडे शोधत बसला तर डोकं दुखेल. सुमारे 480 तासांचं शूटिंग मार्गारेट सिक्सेलने, म्हणजे मिलरच्या बायकोने, दोन तासांत बसवलं आणि ऑस्कर घेतलं. त्या वर्षी या सिनेमाला सहा ऑस्कर होते.

तिसऱ्यांदा बघाल तेव्हा गाड्या बघा. वॉर रिग, म्हणजे फ्युरिओसाचा तो अवाढव्य टँकर, टाट्रा ट्रकवर उभा केलाय. जोची गाडी म्हणजे एकावर एक चढवलेल्या दोन कॅडिलॅक. गिटारवाल्याच्या गिटारमधून निघते ती आग खरी. आणि स्टिअरिंग! वॉर बॉइज, म्हणजे जोचे अंगाला पांढरं फासलेले सैनिक, आपापलं स्टिअरिंग काढून देवासारखं मांडून ठेवतात, निघताना हात जोडून उचलतात. दसऱ्याला पाने-जॅकवर हळद-कुंकू वाहणाऱ्या माणसाला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माझ्याकडची पोरं तो सीन गंभीरपणे बघतात.

फ्युरी रोडचं शूटिंग खरं तर ऑस्ट्रेलियातच, ब्रोकन हिलजवळ, दुसरा भाग केला त्या मुलखात व्हायचं होतं. तिथे इतका पाऊस झाला की वाळवंटात फुलं आली, म्हणून सगळा लवाजमा नामिबियाला गेला. ते वर्ष 2012. त्याच वर्षी आमच्याकडे खाणी बंद झाल्या आणि टिप्पर दारात उभे राहिले, कोणी बॅटऱ्या विकल्या, कोणी टायर. 2015 मध्ये थिएटरात तो लाल धुरळा आणि जोडगोळी करून चालवलेले ट्रक बघताना आमच्या रांगेतले ड्रायव्हर गाड्यांचे पार्ट ओळखत होते, मोठ्याने.

इथपर्यंत आलेला माणूस आता चाहता झाला. पुढे त्याला वेश करायचा असतो. अमेरिकेत मोहावी वाळवंटात 2010 पासून वेस्टलँड वीकेंड भरतो, तिथे वेशाशिवाय आत घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात सिल्व्हर्टनला दुसऱ्या भागाचं म्युझियम आहे. आपल्याकडे शिगम्याची वेशभूषा आहे आणि नरकासुराची रात्र आहे, वाळवंटाची गरज नाही. वॉर बॉयसाठी अंगाला चुना फासू नका, कातडी जळते. जत्रेच्या नाटकाची रंगभूषा करणाऱ्याकडून सफेदा घ्या, खोबरेल तेलात कालवून लावा, डोळ्यांभोवती काजळ. तोंडावर स्प्रे पेंट मारायचा नाही, पिक्चरमध्ये मारतात म्हणून काय झालं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख ओल्या ओठांना लावा, ट्यूबलाइटखाली अगदी क्रोम दिसतो. मुखवट्याला कोल्ड्रिंकची बाटली कापून आणि जुना रेडिएटरचा होज पुरतो. होज माझ्याकडे ढिगाने पडलेत, येऊन घेऊन जा, फुकट.

गाडीला मात्र हात लावू नका. आरसी बुकात जे आहे त्यात फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि चेकिंगला पोलिसाला मॅक्स माहीत असला तरी तो पावती फाडतोच. बुलेटचा सायलेन्सर कापून द्या म्हणणाऱ्यांनी दुसरं गॅरेज बघावं.