निधी उभारणाऱ्या बायकांचा गट कसा चालवावा

सामाजिक संस्थांसाठी निधी उभारणाऱ्या बायकांचा गट बांधताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून टाकावी: इथे बसलेल्या सगळ्याजणी एकमेकींच्या स्पर्धक आहेत. चाकणच्या एकाच कारखान्याच्या सीएसआरकडे (कंपनीचा समाजकार्यासाठीचा निधी सांभाळणाऱ्या विभागाकडे) त्यांतल्या चौघींचे प्रस्ताव गेलेले असतात. हे कुणी उच्चारत नाही तोवर ग्रुपवर वेबिनारच्या लिंका आणि 'अभिनंदन ताई' एवढंच फिरतं. तेव्हा पहिल्या बैठकीत ओळखपरेड लांबवू नका. काय सांगायचं आणि काय नाही, ते ठरवा.

आमच्या मते तीन कप्पे पुरतात. पहिल्या कप्प्यातलं कुणीही कुणालाही द्यावं: कंपन्यांच्या संकेतस्थळांवरची सीएसआरची माहिती, प्रस्तावाचे नमुने, कंपनी मागते त्या कागदपत्रांची यादी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत देणारी १२ए आणि ८०जीची प्रमाणपत्रं, सीएसआर निधी घेण्यासाठीच्या नोंदणीचा सीएसआर-१ क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब). दुसऱ्या कप्प्यातलं विचारूनच द्यायचं: अधिकाऱ्याचं नाव, ओळख करून देणं, प्रस्ताव का नाकारला गेला ते. तिसरा कप्पा बंद. देणगीदारांची यादी, फोन नंबर, पॅन, कुणी किती दिले, यांतलं काहीही गटात येता कामा नये. देणगीदार संस्थेचा असतो, फंडरेझरचा नाही; नोकरी बदलली तरी यादी जुन्या कार्यालयातच राहते. 'सगळ्यांची मिळून एक एक्सेल करू या' ही सूचना दर वर्षी कुणीतरी हौसेने करतंच. ती तिथल्या तिथे थांबवा. तशी शीट एकदा फिरली की सहा महिन्यांत एखाद्या आजोबांना पाच संस्थांचे फोन जातात, आणि ते पाचही जणींना देणं बंद करतात.

दोघींनी एकाच कंपनीत अर्ज केल्याचं कळलं, तर त्यांनी एकमेकींना ते सांगावं, रक्कम सांगू नये. समन्वयिकेने मध्यस्थी करू नये. तिचा स्वतःचाही अर्ज तिथे असेल, तर त्या दिवशीची बैठक दुसरीने चालवावी.

सुरुवात बारा संस्थांमधल्या बाराजणींनी करा, आणि प्रत्येकीला स्वतः फोन करून बोलवा. पदनामावर जाऊ नका. लहान संस्थेत निधीचं काम करणारी बाई कागदोपत्री 'प्रकल्प अधिकारी' किंवा चक्क 'लेखापाल' असते. सीएसआर अधिकारी आणि सेवा विकणाऱ्या सल्लागारांना पाहुण्या म्हणून बोलवावं, सदस्य करू नये. देणारी समोर बसली की मागणाऱ्या खरं बोलत नाहीत.

बैठक महिन्यातून एकदा, दीड तास, कामाच्या वेळेत, उदाहरणार्थ दुसऱ्या गुरुवारी ३ ते ४.३०. संध्याकाळी किंवा रविवारी ठेवली की घरी लहान मूल किंवा आजारी सासू असलेल्या आधी गळतात, आणि हे काम फावल्या वेळातलं आहे असा संस्थाप्रमुखांचाही समज होतो. त्यांना सुरुवातीलाच एक पत्र पाठवून परवानगी घ्या. गौरी-गणपतीचा आठवडा आणि मार्चचा दुसरा पंधरवडा सोडून द्या.

या दीड तासातली ४५ मिनिटं एकाच प्रस्तावाची. जिची पाळी तिने दोन दिवस आधी कंपनीचं नाव झाकून प्रस्ताव पाठवायचा. बैठकीत कौतुकाला वेळ नाही, सरळ अंदाजपत्रकावर यायचं. समजा लिहिलंय: २४० मुली, प्रत्येकी वर्षाला ₹१८,०००, एकूण ₹४३,२०,०००. पहिला प्रश्न: पर्यवेक्षिकेचा पगार कुठल्या ओळीत आहे? कुठल्याच नाही. महिना ₹२२,००० म्हणजे वर्षाचे ₹२,६४,०००, दर मुलीमागे ₹१,१००. खरा आकडा ₹१९,१०० निघाला. हा पगार का गाळला, तर 'कंपनी ५ टक्क्यांहून जास्त प्रशासकीय खर्च देत नाही' असं कुणीतरी सांगितलेलं. सीएसआर नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. पर्यवेक्षिका प्रकल्पावरच काम करते, तेव्हा तिचा पगार प्रकल्पाच्या ओळीत लिहायचा आणि सोबत तिच्या कामाच्या दोन ओळी जोडायच्या. अशी एक दुरुस्ती दहा प्रेरक भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पुढची वीस मिनिटं कॅलेंडरची. एप्रिल-मे आयकर खात्याला द्यायच्या देणगीदारांच्या विवरणपत्रात आणि देणगीदारांच्या प्रमाणपत्रांत जातो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने जुन्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीवरचा मजकूर सीएकडून तपासून घ्या आणि तो नमुना गटात ठेवा. रोख देणगी ₹२,००० च्या वर गेली तर देणगीदाराला वजावट मिळत नाही, हे उत्सवात टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवायचं. २ ते ८ ऑक्टोबर दानउत्सव, म्हणजे देशभर साजरा होणारा देण्याचा आठवडा. परदेशी निधी घेणाऱ्यांचं एफसी-४ हे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत. जानेवारीपासून कंपन्यांची वर्षअखेरची घाई सुरू होते, आणि 'दहा दिवसांत पैसे खर्च करून दाखवा' असे फोन येतात. असा पैसा घ्यावा का, यावर डिसेंबरमध्येच चर्चा करून ठेवा. मार्चमध्ये डोकं ठिकाणावर नसतं. उरलेल्या वेळात अडीअडचणी आणि पुढची पाळी.

देणगीदाराच्या गैरवर्तनाचा विषय गटात कधी ना कधी निघतोच, म्हणून पद्धत आधी ठरलेली हवी. पहिली भेट कार्यालयात, दिवसा, दोघींनी मिळून. फोन संस्थेच्या नंबरवरून. काही घडलंच तर त्याच दिवशी तारीख, जागा, शब्द लिहून ठेवायचे, मेसेजचे स्क्रीनशॉट काढायचे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही 'कामाचं ठिकाण' आहे. देणगीदार संस्थेचा नोकर नसला तरी तक्रारीसाठी बाईला मदत करणं संस्थेवर बंधनकारक आहे. तक्रार करण्याची मुदत साधारण तीन महिने. दहा किंवा जास्त माणसं असतील तर संस्थेची अंतर्गत समिती, नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समन्वयिकेने चौकशी करू नये, ग्रुपवर नाव टाकू नये; त्यातून तक्रारदाराची ओळख फुटते आणि उलट अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. तिने ऐकावं, मुदत सांगावी, आणि बाईची संमती असेल तरच विश्वस्तांशी बोलावं.

पगाराबद्दल वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीवर तीनच गोष्टी: अनुभवाची वर्षं, संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक (५० लाखांखाली, ५० लाख ते २ कोटी, त्यावर) आणि हातात येणारा पगार. आठपेक्षा कमी चिठ्ठ्या आल्या तर वाचू नका, कोण कुठली ते ओळखू येतं. एकाच संस्थेतली वरिष्ठ आणि कनिष्ठ त्या दिवशी एकत्र नकोत. 'आणलेल्या निधीवर टक्केवारी' अशी नोकरी कुणाला आली तर नाही म्हणायला गटाने पाठबळ द्यावं. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सच्या आचारसंहितेतही अशा मोबदल्याला मनाई आहे.

गटासाठी पैसे गोळा करण्याची घाई नको. जागा आणि चहा पाळीपाळीने यजमान संस्थेचा. गट सोसायटी म्हणून नोंदवायला सातजणी लागतात, पण नोंदणीसोबत ऑडिट आणि धर्मादाय आयुक्तांकडचं कामही येतं. दोन वर्षं गट चालल्याशिवाय त्यात पडू नये. तोवर समन्वयिकेच्या खासगी यूपीआयवर वर्गणी घेऊ नका, शंभर रुपयेही नाही. दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या बायकांचा स्वतःचा हिशेब तोंडी असणं शोभत नाही.

समन्वयिका दोन असाव्यात, प्रत्येकी दोन वर्षं, आणि दर वर्षी एक बदलावी. म्हणजे एकीला नेहमी मागचं माहीत असतं. जाणारीने पाच गोष्टी सुपूर्द करायच्या: सदस्यांची यादी, तीन कप्प्यांचा कागद, पाळीचा तक्ता, नमुन्यांचं फोल्डर आणि त्याचा पासवर्ड. त्याच दिवशी ग्रुपचं ॲडमिनपद सोडायचं, आणि पुढच्या गुरुवारी स्वतःचा प्रस्ताव घेऊन साधी सदस्य म्हणून यायचं.