सृष्टीच्या जन्मकथांची तुलना कशी करावी

दोन सृष्टिकथा समोर आल्या की पहिला मोह होतो साम्य शोधायचा. 'तिकडेही आधी पाणीच होतं!' एवढं सापडलं की लोक खूश होऊन थांबतात. माझ्या मते खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

आधी दोनच कथा घ्या. दहा घेतल्या तर हाती नुसता तक्ता उरतो. सारांशावर विसंबू नका, पूर्ण भाषांतर वाचा. मी नव्या वाचकाला नेहमी हीच जोडी सुचवते: ऋग्वेदातलं पुरुषसूक्त (१०.९०), १६ ऋचांचं, आणि बाबिलोनचं 'एनूमा एलिश', मातीच्या ७ पाट्यांवर कोरलेलं. दोन्हींत एका प्रचंड देहातून विश्व घडतं. वाचताना पेन्सिलीने खुणा करत चला: देह कोणाचा, तो कोणी आणि कशासाठी चिरला, माणूस कुठून आला.

पुरुषसूक्तात देव यज्ञ मांडतात आणि पुरुष हाच त्या यज्ञाचा पशू. वैर कुठेच नाही. त्याच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, पायांपासून भूमी. बाबिलोनमध्ये मात्र युद्ध आहे. बाबिलोनचा मुख्य देव मार्दुक आदिसागराची देवी तिआमात हिला ठार करून तिची दोन शकलं करतो, एकाचं आकाश करतो. तिच्या डोळ्यांतून तैग्रिस आणि युफ्रेटिस वाहू लागतात. माणूस घडतो तो तिचा हरलेला सेनापती किंगू याच्या रक्तातून, देवांचे कष्ट उपसण्यासाठी. पुरुषसूक्तात तर वर्णांची उतरंडच देहावर बसवलेली आहे: मुख ब्राह्मण, पायांपासून शूद्र. ती ऋचा गाळून नुसतं चंद्र-सूर्याचं काव्य सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. कोणी कुठल्या पायरीवर राहायचं, हे जगाच्या जन्मातच ठरलंय असं सांगणं, हेही या कथांचं काम होतं.

म्हणून कथा कुठे म्हटली जायची ते शोधा. 'एनूमा एलिश' बाबिलोनच्या नववर्षाच्या उत्सवात, चौथ्या दिवशी, मार्दुकासमोर म्हणत. हे कळलं की त्यातला मार्दुकाच्या नावांचा लांबलचक पाठ कंटाळवाणा वाटत नाही.

कथा कोणी, कधी लिहून ठेवली तेही पाहा. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या स्कँडिनेव्हियन कथेत यमीर राक्षसाच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र आणि कवटीचं आकाश होतं. ती सविस्तर सांगणारा स्नोरी स्टुर्लुसन १३व्या शतकातला, आणि आइसलंड इसवी सन १०००च्या सुमारासच ख्रिस्ती झालं होतं. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचा कथाग्रंथ 'पोपोल वूह' आज मिळतो त्या रूपात स्पॅनिश विजयानंतरचा आहे. अशा कथेत बायबलशी साम्य दिसलं तर घाई करू नका.

साम्याचं कारण सगळ्यात शेवटी शोधा. यमीर आणि पुरुष यांना सामाईक इंडो-युरोपीय मूळ (संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषा ज्या एका भाषाकुळातल्या, त्याचं) असावं असं अनेक अभ्यासक मानतात. तिआमातला तो धागा लागत नाही, बाबिलोनची भाषाच वेगळ्या कुळातली. तिथे संपर्क, किंवा बळीचा पशू कापताना सगळीकडेच दिसणारं दृश्य, अशी कारणं तपासावी लागतात.

हे जमलं की न्यूझीलंडच्या माओरींचे रांगी (आकाश, पिता) आणि पापा (पृथ्वी, माता), आणि इजिप्तचे गेब (पृथ्वी) आणि नूत (आकाश) घ्या. दोन्हीकडे आकाश आणि पृथ्वी एकमेकांपासून दूर केले जातात, पण इजिप्तमध्ये पृथ्वी पुरुष आहे आणि आकाश स्त्री. खूण तिथेच करा.