इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स करायचंय? आधी वही-पेन काढा

महागाई, व्याजदर यावर वाद घालायला आवडतं म्हणून इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स करायचं ठरवलं असेल तर छानच, पण पहिल्याच आठवड्यात फळ्यावर महागाई नसते, कॅल्क्युलसमधले डेरिव्हेटिव्ह असतात. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, पहिलं सेमिस्टर अक्षरशः गटांगळ्या खाण्यात गेलं. तेव्हा कोर्स सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन महिने कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटीला द्याच.

तयारी झालीय का ते असं बघा. एक्स आणि वाय या दोन वस्तू, त्यांतून मिळणारं समाधान, म्हणजे युटिलिटी, एक्स गुणिले वाय, एक्सची किंमत 2, वायची 1, बजेट 12. लॅग्रांज (बजेटची अट पाळून जास्तीत जास्त युटिलिटी काढायची पद्धत, तिच्यात अटीला जोडलेला आकडा म्हणजे लॅम्डा) लावून कागदावर सोडवा. एक्स 3, वाय 6, लॅम्डा 3 आलं? मग आता सांगा, हा लॅम्डा 3 म्हणजे काय? बजेट 12 चं 13 केलं तर युटिलिटी साधारण 3 ने वाढेल, बास, एवढंच. हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर मायक्रोइकॉनॉमिक्सला घाबरू नका, नुसतंच उत्तर आलं असेल तर परत बसा.

इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले दावे तपासणं, मात्र वाचून येत नाही. त्यासाठी आर (R) हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे (स्टाटा या तशाच सॉफ्टवेअरला पैसे पडतात, कॉलेज देत असेल तर ठीक) आणि एखादा गाजलेला पेपर घेऊन त्यातले आकडे आपले आपण काढून बघा. मी तर डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा 1994 चा पेपर घ्या म्हणेन. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं, मग दोन्हीकडच्या फास्ट फूडवाल्यांकडे आधी किती माणसं होती, नंतर किती, ते मोजायचं आणि फरकातला फरक (न्यू जर्सीतला बदल वजा पेनसिल्व्हेनियातला बदल) काढायचा. न्यू जर्सीत दर दुकानामागे माणसं सरासरी 20.44 ची 21.03 झाली, पेनसिल्व्हेनियात 23.33 ची 21.17. म्हणजे पगार वाढवला तिथे माणसं कमी झालीच नाहीत! यावरून बरीच वर्षं भांडणं झाली, कार्डना 2021 मध्ये नोबेलही मिळालं.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नका, सिलॅबस उघडा. पुढे पीएचडी करायची असेल तर थिसिस आणि गणित भरपूर हवं, नोकरी हवी असेल तर डेटाचे विषय किती आहेत ते बघा. एसओपीत (अर्जासोबत हा कोर्स का करायचाय ते लिहून देतात त्यात) ‘लहानपणापासून कुतूहल’ वगैरे पाल्हाळ नको, डोक्यात नेमका कुठला प्रश्न आहे तो लिहा. आणि रेकमेंडेशन लेटरसाठी सरांच्या मागे शेवटच्या आठवड्यात पळू नका, ते आधीच दहा जणांची लिहीत असतात.