काल बरोबरीचा, आज टीम लीडर: शॉपवरचे पहिले तीन महिने

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान-मोठ्या मशीन शॉपमध्ये लीडर बहुतेक वेळा असाच ठरतो: ज्याचा हात सगळ्यांत चांगला, त्याला एखाद्या सोमवारी बोलावतात आणि आठ माणसं हवाली करतात. काम कसं करायचं हे त्याला येतं. काम करून कसं घ्यायचं, हे कुणी सांगत नाही. १८७५ साली दत्तक आलेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांच्या हाती पूर्ण कारभार आला तो १८८१ मध्ये. मधली सहा वर्षं त्यांना शिकवलं गेलं. तुम्हाला चालू शिफ्टमध्येच शिकायचं आहे, म्हणून सुरुवात कुठून करायची हे नीट ठरवून घ्या.

हात मागे बांधायला शिका

ऑपरेटर हाक मारतो, "साइज येत नाही." तुम्ही जाता, त्याला बाजूला करता, ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) देता, पाच मिनिटांत जॉब (मशीनवरचा नग) मापात. सगळे खूश. उद्या तोच माणूस, तीच हाक. महिनाभरात आठही मशीन तुमच्या एकट्याच्या डोक्यावर चालू लागतात. नव्या लीडरची सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती वाईट हेतूने होत नाही. हाताला काम माहीत असतं, म्हणून हात पुढे जातो.

त्याऐवजी शेजारी उभे राहा, हात पाठीमागे ठेवा आणि विचारा: शेवटचा बरोबर नग कधी निघाला? इन्सर्ट (कापणारं पातं) कधी बदलला? माप गरम जॉबवर घेतलं की थंड झाल्यावर? शंभर मिमी व्यासाचा पोलादी जॉब दहा अंशांनी तापलेला असेल, तर माप साधारण ०.०१ मिमीने जास्त दिसतं. गरम असताना माप घेऊन ऑफसेट दिला, की थंड झालेला जॉब कमी भरतो. हे त्याला मायक्रोमीटर हातात देऊन, एकच जॉब गरम आणि थंड मोजायला लावून दाखवा. यात पाच मिनिटांऐवजी वीस जातील. पहिला महिना ती वीस मिनिटं द्याच. फक्त माल न्यायला गाडी दारात उभी असेल, तर स्वतः करून मोकळे व्हा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने शिकवा.

"बघतो" हा शब्द लिहून ठेवा

टीम तुमचं का ऐकते, याचं उत्तर आवाजात किंवा पदात शोधू नका. तुम्ही दिलेल्या शब्दाचं काय होतं, हे माणसं रोज पाहत असतात. हातमोजे, पंखा, न लागलेले ओव्हरटाइमचे दोन तास, गावी जायची रजा, अशा गोष्टी ती चालता चालता सांगतात. तुम्ही "बघतो" म्हणता आणि विसरता. सांगणारा विसरत नाही.

खिशात मावेल अशी वही घ्या. डावीकडे तारीख, नाव, काय मागितलं. उजवीकडे काय उत्तर दिलं आणि कधी. दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, "नाही" असलं तरी. तुमच्या हातात नसेल तर तसं सांगा: "हे मॅनेजर ठरवतात. गुरुवारी विचारतो, शुक्रवारी चहाच्या सुट्टीत सांगतो." शुक्रवारी मॅनेजरचं उत्तर आलेलं नसलं, तरी त्या माणसाकडे जाऊन तेवढंच सांगा. अर्धा विश्वास या एका फेरीत जमा होतो. उजवी बाजू पाचपेक्षा जास्त ठिकाणी कोरी दिसली, तर नवं काही कबूल करण्याआधी ती भरा.

सकाळची दहा मिनिटं

शिफ्ट सुरू होताना बोर्डाजवळ उभ्यानेच बोला, केबिनमध्ये नाही. काल धोक्याचं काय दिसलं, किती नग ठरले आणि किती झाले, आज कुठल्या मशीनवर काय, कुणाचं काय अडलंय, एवढंच. शेवटचा प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा. घाई केलीत तर कुणी तोंड उघडणार नाही.

भाषेचं पथ्य पाळा. बडोद्याच्या शॉपवर गुजराती, हिंदी, मराठी एकत्र नांदतात. सगळ्यांना समजेल ती भाषा वापरा, बहुतेक ठिकाणी ती हिंदीच असते. दोघं मराठीत काही बोलून हसले, की बाकीच्यांना आपल्याबद्दलच बोलले असं वाटतं. दांडिया बाजारातला ओळखीचा किंवा तुमच्याच गणपती मंडळातला कुणी टीममध्ये असेल, तर ओव्हरटाइमची पाळी तोंडी लावू नका. नावं क्रमाने लिहून बोर्डावर टाका.

"सगळ्यांनी मिळून साफ करा" असं कधी सांगू नका. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढायला लावून मोजलं होतं: माणसं वाढली की प्रत्येकाची ओढ कमी होते. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच वेळ लिहा.

चूक घेऊन आलेला माणूस

ऑपरेटर हातात जॉब धरून तुमच्यापुढे उभा आहे. बोअर (आतलं भोक) मोठं झालंय. पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा काय सांगतो, यावर पुढची चूक तुमच्यापर्यंत येईल की भंगाराच्या पेटीत तळाला जाईल, हे ठरतं. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीम तपासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त सापडली. तिथे माणसं चुका सांगायला घाबरत नव्हती.

म्हणून "कुणी केलं?" हा प्रश्न गिळा. मशीन थांबवा. शेवटचा चांगला नग शोधा, त्यानंतरचे सगळे लाल टॅग लावून वेगळे ठेवा. मग कारण. आणि त्याला सांगा, "लगेच आलास, बरं केलंस." हे तोंडदेखलं नसावं, पुढच्या पन्नास नगांचं नुकसान त्याने खरंच वाचवलेलं असतं.

वागणं चुकलं असेल तर त्याच दिवशी, एकट्याला, एकच गोष्ट बोला. "तू नीट काम करत नाहीस" यातून त्याला काहीच करता येत नाही. "काल चिप्स (धातूचा किस) न काढता मशीन दिलंस, पुढच्या शिफ्टची वीस मिनिटं गेली. आजपासून सुटण्याआधी दहा मिनिटं साफसफाईला ठेव" हे त्याला करता येतं. वयाने मोठ्या माणसाला भाई, काका म्हणूनच आणि "तुम्ही" म्हणूनच बोला. हेल्परसमोर तर त्यांची चूक काढणं नकोच. आधी त्यांचं मत विचारा. पुष्कळदा कारण त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं.

सणांचं गणित

उत्तरायणाला निम्मं शहर गच्चीवर असतं. नवरात्रात गरब्यावरून उशिरा आलेली माणसं सकाळी डुलतात, म्हणून त्या नऊ दिवसांत बारीक मापाची सेटिंग पहिल्या तासात लावू नका. उत्तर प्रदेश-बिहारची मंडळी छठ आणि होळीला गावी जातात आणि तिकिटं फार आधी काढतात. रजेचा तक्ता तीन महिने आधी लावा, एकाच कौशल्याची दोन माणसं एकदम सोडू नका. प्रत्येक महत्त्वाच्या मशीनवर चालवू शकणारा दुसरा माणूस तयार हवा. तो नसेल तर अडचण रजेची नाही, शिकवण्याची आहे.

नवी पद्धत आणायची असेल तर एकाच मशीनवर दोन आठवडे चालवून बघा. सक्तीचं शिक्षण बडोदा संस्थानात १८९३ मध्ये आधी अमरेली भागात सुरू झालं आणि १९०६ मध्ये सगळीकडे लागू झालं. प्रयोगासाठी माणूस निवडताना तुमच्या होला हो करणारा घेऊ नका. ज्याचं बाकीचे ऐकतात, तो घ्या. त्याला पटलं की तुम्हाला समजावत बसावं लागत नाही.

मॅनेजरकडे वाईट बातमी तुमच्याकडूनच आणि लवकर जाऊ दे. "उशीर होईल" एवढंच म्हणू नका. "चारशेपैकी तीनशे वीस आज देतो, ऐंशी उद्या दुपारी" असं आकड्यात सांगा.

तीन महिने झाले की एक दिवस रजा घ्या. फोन चालू ठेवा आणि शॉपवरून किती वेळा आला, कशासाठी आला, हे त्याच वहीत लिहा. त्यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे टीमला अजून न शिकवलेली एक गोष्ट. पुढच्या महिन्यात शिकवायला तिथूनच सुरुवात करा.