गालिच्याची सुटलेली कड: गोंदाची ट्यूब उघडण्याआधी

गालिच्याची कड सुटली की पहिला हात गोंदाकडे जातो. माझाही गेला होता. झटपट चिकटवणारी ती इवलीशी ट्यूब ओतली. कड चिकटली खरी, पण वाळून काचेसारखी कडक झाली, आठवडाभर अनवाणी पायांना टोचली आणि शेवटी सुतासकट तुटून आली. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या हॉलमधला तोच चार बाय सहा फुटांचा गालिचा पुन्हा हातात घेतला, तेव्हा तयारीला दोन दिवस दिले आणि शिवायला एक दुपार.

आधी कॅलेंडर बघा. गणपतीला पाहुणे येणार म्हणून श्रावणात हे काम काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि ठाण्यात तेव्हा कपाटातले कपडेही सर्द असतात. ओलसर पाठीवर गोंद धरत नाही, धरलाच तरी आत बुरशी कोंडली जाते. म्हणून श्रावणात फक्त सुईदोरा; गोंदाचं काम दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात. पंख्याखाली दोन दिवस ठेवलेला गालिचा वरून कोरडा लागतो, त्यावर विश्वास ठेवू नका. रात्री त्याच्याखाली वर्तमानपत्राचं पान पसरा. सकाळी ते कुरकुरीत असेल तर ठीक, लिबलिबीत असेल तर आणखी थांबा. गच्चीवर वाळवणार असाल तर किल्ली कुणाकडे असते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि गालिचा उलटा घाला, नाहीतर रंग उडतो.

उलटा घातलाच आहे, तर आता नीट बघून घ्या. सगळा निर्णय इथेच होतो. पाठीवरही नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसत असेल आणि गाठी मोजता येत असतील, तर तो हाताने विणलेला गालिचा. त्याच्या टोकाची झालर वरून लावलेली नसते, ते उभे धागेच असतात. ती छाटू नका, तिला गोंद लावू नका, जाणत्या कारागिराला दाखवा. उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा असा हातविणीचा गालिचा घरच्या प्रयोगांसाठी नसतो. पाठीवर जाडसर कापड चिकटवलेलं असेल तर मात्र काम घरी होतं. मग एवढंच पाहायचं, की कडेचा गोट उसवलाय, कापडाचा थर सुटलाय, की कड नुसतीच वर वळलीय. नुसती वळली असेल तर उलट्या बाजूने गुंडाळून दोन दिवस बांधून ठेवा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. लोकरीच्या कडेला टक्कल पडल्यासारखं दिसलं तर ती कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. आधी ऊन आणि व्हॅक्यूम, शिलाई नंतर.

लोकर आहे की प्लास्टिकचं सूत, हे ओळखायचं असेल तर पाठीमागून एक धागा ओढा आणि चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा. जळक्या केसांचा वास आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम सूत, आणि मग इस्त्री व गरम गोंदाची बंदूक दोन्ही लांब ठेवायच्या. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंशांनाच वितळतं.

खरेदी फार नाही. गोटासाठी दीड-दोन इंच रुंदीची जाड सुती पट्टी लागते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात, शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात विचारा. चार बाय सहाचा घेर 20 फूट, म्हणजे सहा मीटरच्या थोडा वर. कोपरे आणि आटणं धरून सात मीटर घ्या. आणल्यावर ती पट्टी आधी पाण्यात बुडवून वाळवा. आटायची ती तिथेच आटेल, रंग जाणारा असेल तर तोही कळेल. दोरा जाड पॉलिएस्टरचा, मेणबत्तीवरून एकदा ओढलेला, म्हणजे घासून तुटत नाही. दाभण चालतो, पण सोफा शिवणाऱ्यांकडे असते तशी वाकडी सुई मिळाली तर गालिचा उचलावाच लागत नाही. अंगुस्तान आणि छोटी पक्कड हवीच, कारण रबराच्या थरातून सुई नुसत्या बोटांनी निघत नाही. सुटलेले धागे कात्रीने कापा, ओढू नका. एक ओढला की मागची रांग चालत येते.

थरच सुटला असेल तर गोंद लागेलच. तो वाळल्यावर लवचिक राहणारा, रबरी घ्या. दोन्ही बाजूंना पातळ थर लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचा. आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा, काही गोंद फोमची पाठ खातात. त्याची वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरातली समई विझलेली. दाबायला तांदळाचा डबा किंवा दिवाळी अंकांचा गठ्ठा पुरतो, फक्त मध्ये प्लास्टिकचा कागद घाला.

भाड्याच्या घरात गालिचा फरशीला चिकटवू नका. डबल टेपचे डाग डिपॉझिटमधून कापले जातात. दारात ॲल्युमिनियमची पट्टी ठोकणार असाल तर फरशीखालून पाण्याची लाइन गेलीय का ते ड्रिल लावण्याआधी विचारा. मोरीच्या दारात तर नक्कीच.

पहिला टाका कोपऱ्यावर घालू नका. सोफ्याखाली जाणाऱ्या बाजूच्या मधोमध सुरू करा. हात बसेपर्यंतचे वाकडे काजटाके तिथे कुणाला दिसत नाहीत.